उंटावरून फॉरमॅट

"फॉरमॅट मारायला लागतंय."

संगणक चालू करायच्या आधी, खुर्चीवर नीट टेकायच्या आधी, पुढ्यातल्या चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आधी हे वाक्य येतं. प्रिंटर छापत नाही? फॉरमॅट. आवाज येत नाही? फॉरमॅट. सीपीयूचा पंखा घरघरतोय? "आत व्हायरस असणार मॅडम, फॉरमॅट मारून बघू." अरे बाबा, पंख्यात धूळ बसते. केस अडकतात. बेअरिंगमधलं तेल सुकतं. पंख्यात विषाणू बसत नाही! पण हे ऐकायला तो थांबतोय कुठे? त्याचा पेनड्राइव्ह तोवर आत गेलेला असतो.

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. रेडकाची मान रांजणात अडकते. सल्ला द्यायला शहाणा येतो तो उंटावर बसून. खाली उतरणं त्याच्या इतमामाला शोभत नाही, म्हणून उंट आत यायला आधी वाड्याची भिंत पाडून घेतो. मग रेडकाची मान उडवतो. तुटलेलं मुंडकं रांजणातच राहतं, म्हणून रांजण फोडतो. बिदागी घेतो आणि पुढच्या गावाला जातो. ही गोष्ट ज्याने रचली त्याने संगणक पाहिला नव्हता, पण संगणक दुरुस्त करणारा मात्र अगदी जवळून पाहिला होता. उंटाच्या जागी मोटरसायकल आली आणि तलवारीच्या जागी किल्लीला लटकवलेला पेनड्राइव्ह, एवढाच काय तो फरक.

मी सांगलीत राहते. २६ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. घरातल्या आणि अपार्टमेंटमधल्या बिघडलेल्या संगणकांचे, राउटरचे, प्रिंटरचे स्क्रू मी स्वतः उघडते. ते बघून दुकानातल्या पोरांना आधी हसू येतं, मग राग येतो. "मिस्टरांना पाठवा ना मॅडम, त्यांना समजावून सांगतो." माझ्या मिस्टरांना त्यातलं काही कळत नाही, मला कळतं, आणि म्हणूनच मी आलेय. माझं म्हणणं एकच आहे: ज्याला कारण शोधायचं नाही, त्याने दुरुस्ती करतो असं म्हणू नये. दुकानावर पाटी लावावी, 'येथे पुसून मिळेल'.

मी एवढी का चिडलेय ते सांगते.

आमच्या शेजारच्या काकू ७४ वर्षांच्या. मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मुलाने घेऊन दिलेला एक जुना डेस्कटॉप त्या रोज वापरायच्या: पेन्शनचं खातं बघायला, नातवंडांशी बोलायला आणि मुख्य म्हणजे फोटो ठेवायला. काका गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्या सगळ्या सहलींचे, शाळेच्या स्नेहसंमेलनांचे, थोरल्या मुलाच्या लग्नाचे फोटो काकूंनी एकेक फोल्डर करून, वर्ष घालून, नावं देऊन लावले होते. ३५ वर्षं हजेरीपट ठेवलेल्या बाईने लावावेत तसे.

एक दिवस बँकेचं पान उघडेना. मेल उघडेना. जे उघडावं तिथे एकच मोठं तांबडं चिन्ह आणि इंग्रजीत मजकूर, की तुमचं कनेक्शन खासगी नाही. मी तेव्हा मुलीकडे बंगळुरूला होते. काकूंनी दुकानातल्या पोराला बोलावलं. त्याने तांबडं चिन्ह पाहिलं आणि तेच वाक्य टाकलं.

आता नीट ऐका. त्या संगणकावर तेव्हापासून रोज सकाळी, विंडोज यायच्या आधी, काळ्या पडद्यावर एक ओळ यायची. तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जायला एफ वन दाबा, अशा अर्थाची. काकूंनी त्याला ती दाखवली. बोट ठेवून दाखवली! तो म्हणाला, "ते काही नसतं आजी. एफ वन दाबायचं आणि पुढं जायचं." यंत्र स्वतःच्या तोंडाने सांगतंय मला काय झालंय ते, लेखी सांगतंय, रोज सांगतंय, आणि हा तज्ज्ञ सांगतोय की वाचू नका. रुग्ण छातीवर हात ठेवून 'इथे दुखतंय' म्हणतोय आणि डॉक्टर त्याचं तोंड दाबून पायाला प्लॅस्टर घालतोय.

कारण काय होतं? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला होता. भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतून, बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर तग धरतं. पण काकू रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करतात. त्यामुळे रोज सकाळी संगणक उठायचा तो सरळ २०१५ सालात. आणि बँकेची वेबसाइट ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवते, त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं. संगणकाच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्माला यायचं होतं. त्याने दार लावून घेतलं, आणि बरोबर केलं. अख्ख्या प्रकरणात अक्कल वापरली ती एकट्या संगणकाने.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, तारीख दिसते. मान खाली करून ती वाचायला किती वेळ लागतो? दोन सेकंद?

त्या पोराने दोन सेकंद वाचवले आणि दुपारभर बसून हार्डडिस्क पुसली. सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह एकत्र करून टाकले, "स्पीड वाढतो" म्हणून. तो वाढत नाही. नवं विंडोज घातलं, त्यावर चोरीचं ऑफिस घातलं, फोटोशॉप घातलं, दोन गेम घातले. ७४ वर्षांच्या बाईला मोटारींच्या शर्यतीचा गेम! विंडोज टाकताना त्याने हाताने तारीख भरली, त्यामुळे बँकेचं पान झटक्यात उघडलं. "बघा आजी, व्हायरसच होता." ५०० रुपये घेतले. रात्री काकूंनी बटणं बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच तांबडं चिन्ह. आता त्याचा निकाल बदलला: मदरबोर्ड गेला, ७,५०० रुपये. तिसऱ्या दिवशी मी परत आले. मी ४० रुपयांचा सेल घातला, तारीख लावली, काम झालं.

फोटो मात्र गेलेले होते. "बॅकअप आहे का ते तुम्ही सांगायला पाहिजे होतं आजी," हे तो त्यांना वर म्हणाला. पुसायच्या आधी विचारणं कुणाचं काम? शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठून रुग्णाने सांगायचं का, की माझा उजवा पाय चांगला आहे, तो कापू नका?

मी हार्डडिस्क काढून माझ्या संगणकाला लावली, कारण ज्या डिस्कवरून काही परत मिळवायचंय तिच्यावर एक अक्षरही नव्याने लिहायचं नसतं. साध्या क्विक फॉरमॅटने मजकूर पुसला जात नाही. ग्रंथालयातली कार्डं जाळली तरी पुस्तकं कपाटात तशीच असतात, तसं ते आहे. त्या पोराने फक्त फॉरमॅट करून हात थांबवला असता तर जवळजवळ सगळं परत आलं असतं. पण त्याने कपाटं रिकामी समजून त्यात आपली रद्दी भरली होती. फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला. फायलींच्या खुणा ओळखून तो डिस्कवर उरलेले फोटो परत काढतो. तो मी दोन रात्री चालवला. अकराशेच्या आसपास फोटो निघाले. नावं नाहीत, फोल्डर नाहीत, क्रम नाही, नुसते आकडे. काकू माझ्या शेजारी बसून एकेक बघत होत्या. एका फोटोत काका गणपतीपुळ्याच्या समुद्रात उभे आहेत. कपाळ, चष्मा, नाक नीट. ओठांपासून खाली नुसता करडा पट्टा. तेवढा भाग गेमच्या खाली गाडला गेला होता.

काकू काही बोलल्या नाहीत. "हा ठेव," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून 'फॉरमॅट' हा शब्द माझ्यासमोर सहज उच्चारू नये, अशी माझी जाहीर सूचना आहे.

आपल्याकडे माधवकर नावाच्या वैद्याने बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी एक ग्रंथ लिहिला, माधवनिदान. औषधं नाहीत, काढे नाहीत. रोग ओळखायचा कसा, फक्त एवढ्यावर अख्खा ग्रंथ. निदान हाच मोठा भाग, उपचार पुढचा, हे त्या माणसाला कळत होतं. आणि आमच्या चौकातल्या 'कॉम्प्युटर सोल्युशन्स'मध्ये निदानाचं खातंच नाही. सगळं दुकान उपचारांचं.

त्या पोराला घटकाभर बाजूला ठेवू. इंटरनेट कंपन्यांच्या ग्राहकसेवेकडे वळू. त्यांच्याकडे एसी आहे, हेडफोन आहेत, प्रशिक्षण आहे, आणि अक्कल तेवढीच आहे.

माझ्याकडे ३०० एमबीपीएसचा प्लॅन. वेग मोजला तर ९४. परत मोजला, ९४. पहाटे मोजला, ९४. दुपारी, ९४. कंपनीचं नाव घेत नाही, नाव बदललं तरी संवाद हाच होतो.

"मॅडम, एकदा राउटर बंद करून चालू करा."

केला.

"आता लॅपटॉप बंद करून चालू करा."

तोही केला.

"लॅपटॉप जुना असेल मॅडम."

"दुसऱ्या लॅपटॉपवरही ९४ च येतो."

"मग मॅडम, भिंती जाड असतील."

मी केबल लावून मोजतेय! वायफाय बंद आहे! केबलला भिंत कुठून आडवी येणार? हे मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी पलीकडून उत्तर आलं, "राउटर एकदा बंद करून चालू करा."

अरे, तो आकडा ऐका ना. गर्दीमुळे वेग पडला असता तर तो रात्री वेगळा, पहाटे वेगळा आला असता. चारही वेळा ९४ येतो म्हणजे काहीतरी १०० वर अडलंय. १०० च्या जोडणीवर वरखर्च वजा जाऊन हातात ९४-९५ च पडतात. आकडा ओरडून सांगतोय. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. त्याच्या वर, गिगाबिटला जायचं तर चारही लागतात. निळीतली किंवा तपकिरीतली एक तार तुटली, की दोन्हीकडची यंत्रं आपसात ठरवतात, चला, १०० वर भागवू. बंद काहीच पडत नाही. म्हणून कुणाला कळत नाही.

मी भिंग घेऊन बसले. ओएनटीकडून, म्हणजे फायबर घरात येते त्या डब्याकडून, राउटरकडे जाणाऱ्या केबलच्या टोकाला, पारदर्शक प्लॅस्टिकच्या त्या आरजे ४५ मध्ये, सात तारा पितळी दातांपर्यंत पोचलेल्या होत्या. आठवी, तपकिरी, एक मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. क्रिम्पिंग करताना कुणीतरी घाई केली होती. टोक कापलं, आठही तारा सरळ केल्या, रंगाच्या क्रमाने लावल्या, नवा कनेक्टर दाबला. २८७. राउटर बंद-चालू न करता.

पाच तक्रारी, चार तिकीट क्रमांक, दोनदा "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज. आणि चुकली होती एक तार, एक मिलिमीटरने. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली जुनी म्हण आहे. इथे तर बंबवाल्याने आग विझली असा दाखला दोनदा पाठवला.

बंद करून चालू करणं मुळात वाईट नाही. राउटर हाही एक छोटा संगणकच असतो. त्याची मेमरी तुंबते, जोडण्यांची यादी भरून जाते, प्रोग्राममधली एखादी चूक हळूहळू साचत जाते. रीस्टार्टने ते सगळं रिकामं होतं. जरूर करा, पहिल्यांदा तेच करा. पण तो उपचार आहे, निदान नाही. दर मंगळवारी राउटर बंद करावा लागत असेल तर मंगळवारी काय होतं, हे विचारायला नको? संस्कृतात काकतालीय न्याय म्हणून सांगतात. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एक गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडलं असं होत नाही. ग्राहकसेवेचा अर्धा धंदा त्या कावळ्यावर चालतो. लाइन तिकडे आपोआप सुरू होते, इकडे तुम्ही पाचव्यांदा राउटर चालू केलेला असतो, आणि पलीकडचा म्हणतो, "बघा, झालं ना!"

शिवाय ज्यांचा सगळा भार या एका मंत्रावर आहे, त्यांना तो मंत्रही पूर्ण येत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बहुतेक संगणकांवर फास्ट स्टार्टअप नावाची सोय आधीपासूनच चालू असते. तुम्ही शटडाउन करता तेव्हा विंडोजचा गाभा बंद होत नाही, आहे तसा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून परत मांडला जातो. कालचं दुखणं आज जसंच्या तसं. सगळं खरोखर नव्याने सुरू करायचं तर रीस्टार्ट निवडावं लागतं. 'बंद करा, दहा मोजा, चालू करा' म्हणणारे हे कधी सांगत नाहीत. त्यांना ते माहीतच नसतं.

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून पाच-सहा वेळा रिफ्रेश दाबणारी मंडळी तर घरोघरी आहेत. मशीन सुरू झालं की आधी रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. त्याने चिन्हं पुन्हा रंगवली जातात. बास. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. संगणकाच्या क्लासमध्ये कुणीतरी आमच्या दोन पिढ्यांना हे शिकवलं आणि कुणी एकाने विचारलं नाही, सर, याने होतं काय?

विचारलं नाही. सगळं पाणी तिथे मुरतंय.

खरं तर घरातलं नेट का बंद आहे हे शोधायला ना पदवी लागते ना पैसे. अन्वय आणि व्यतिरेक एवढे दोन शब्द पुरतात. कारण असेल तिथे कार्य दिसतं, कारण नसेल तिथे दिसत नाही. लॅपटॉपवर नेट नाही, मोबाइलवर त्याच वायफायवर आहे? मग लाइन ठणठणीत आहे, लॅपटॉप बघा. दोन्हीवर नाही? मग लॅपटॉपला हात लावू नका, राउटरकडे जा. वायफायचे दांडे पूर्ण आहेत म्हणून नेट आहे, असं नसतं. ते दांडे तुमच्या फोनपासून त्या डब्यापर्यंतचे. डब्याच्या पलीकडे अंधार असला तरी दांडे पूर्णच दिसणार. डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल आहे? मग फायबरमधून उजेडच येत नाहीये, आणि तुम्ही दहा वेळा बंद-चालू केलंत तरी बाहेर तुटलेली तार घरात बसून जुळणार नाही. संगणकाला मिळालेला पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? मग राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, त्याने आपल्या मनाने एक घेतलाय. ८.८.८.८ ला पिंग जातोय पण वेबसाइट नावाने उघडत नाही? मग रस्ता चालू आहे, बंद पडलीय ती नावावरून पत्ता सांगणारी डीएनएसची सोय.

हे पिंग लिहिलं माइक म्यूस या माणसाने, डिसेंबर १९८३ मध्ये, अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत. नेटवर्क विचित्र वागत होतं. त्याने वैतागून सगळं पुसून टाकलं नाही. एक हाक मारायची, प्रतिध्वनी येतो का ऐकायचं, किती वेळात येतो मोजायचं, पाणबुडी शोधतात तसं. एकाच संध्याकाळी त्याने ते लिहून काढलं. आज ते जवळपास प्रत्येक संगणकात आहे, फुकट आहे, चार अक्षरांचं आहे. आणि महिन्याला हजार रुपये घेणाऱ्या कंपनीचा माणूस मला विचारतो, "पिंग म्हणजे काय मॅडम?"

राउटर कुठे ठेवलाय, हेही कुणी बघत नाही. आमच्या अपार्टमेंटमधल्या १२ पैकी ५ घरांत तो चपलांच्या कपाटात आहे, दार बंद करून. का? तर जोडायला आलेल्या पोराची वायर तिथवरच पुरली. वरच्या मजल्यावर तो फ्रिजच्या मागे आहे, आणि त्या घरातली मुलगी परीक्षेचे फॉर्म भरायला जिन्यात येऊन बसते. सिग्नलपुढे लोखंडाची पेटी उभी करायची आणि मग जास्त वेगाचा प्लॅन घ्यायचा! मायक्रोवेव्ह चालू झाला की वायफाय अडखळतं, कारण दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतात. ५ गिगाहर्ट्झवर जा, तो त्रास संपतो, पण ते भिंतीपलीकडे तेवढं पोचत नाही. एवढं दोन वाक्यांत सांगता येतं. मग महाग प्लॅन कोण घेणार?

"मॅडम, तुम्हाला वेळ आहे. आम्हाला दिवसाला वीस मशीन काढायची असतात. शोधत बसलं तर परवडत नाही." हे मला एका दुकानदाराने तोंडावर सांगितलं. याला उत्तर द्यायला हवं. तारीख वाचायला दोन सेकंद, दुपारभराचा फॉरमॅट कसा परवडला? न परवडणारी गोष्ट शोधणं ही नाही. शोधून सापडलं तर ४० रुपयांचा सेल विकला जातो, न शोधता ७,५०० चा मदरबोर्ड. परवडतंय ते हे.

आणि सगळेच असे नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीजवळ एक म्हातारे गृहस्थ बसतात. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता संगणकही. त्यांच्याकडे मशीन नेलं की ते उघडत नाहीत. आधी विचारतात, "कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं?" मग मल्टिमीटर काढतात, एसएमपीएसची एकेक तार मोजतात, आकडा कागदावर लिहितात. मी त्यांना सहज म्हटलं, तुम्ही फार सावकाश काम करता. त्यांनी समोरच्या दुकानाकडे बोट केलं. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. घोडीवर, तारेखाली, सुती दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. "जवारी उतरली म्हणून तो भोपळा फेकतो का?" असं त्यांनी मला विचारलं.

या न विचारण्याचा आणखी एक धागा आहे, आणि मला त्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. गेली पंचवीस वर्षं आपण लोकांना एकच सवय लावली: पलीकडचा सांगेल ते दाबा. का, विचारू नका. एफ वन दाबा. ओके दाबा. अलाऊ दाबा. मग एक दिवस फोन येतो, "कंपनीतून बोलतोय, तुमच्या संगणकात व्हायरस सापडलाय, हे ॲप घ्या, हा आकडा मला सांगा." आणि माणसं आकडा सांगतात! कशी नाही सांगणार? खऱ्या ग्राहकसेवेचा सूर आणि चोराचा सूर यांत फरक काय ठेवलाय तुम्ही? दुसऱ्याचा पडदा दुरून चालवणाऱ्या ॲपच्या आडून खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, हे मी माझ्या वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायची. पण त्याच्या आधीचं औषध एकच, "कारण काय?" हा प्रश्न. चोराला तो सोसत नाही. दोन वेळा विचारला की तो चिडतो, तिसऱ्यांदा फोन ठेवतो.

म्हणून मी अपार्टमेंटमधल्या बायकांना एक वही करायला लावली. पडद्यावर जे येईल ते उतरवून घ्यायचं, जसंच्या तसं. तारीख, वेळ, कोणता दिवा, कोणता रंग. काकूंची वही अर्थातच सगळ्यात नेटकी, समास आखलेली.

मागच्या महिन्यात त्यांचं नेट गेलं. कंपनीचा पोरगा आला, दारातूनच म्हणाला, "आजी, राउटर एकदा बंद करून चालू करा."

"केलाय. सकाळी सव्वानऊला," काकू म्हणाल्या. "एलओएस लाल आहे, म्हणजे आत उजेड येत नाही. मीटर आणलायस का?"

मीटर खाली गाडीच्या डिकीत होता. तो जिना उतरून गेला, परत आला, फायबरचं टोक काढून मीटरला लावलं. वजा ३१ डीबीएम. शून्यापासून जितकं खाली तितका उजेड कमी, आणि साधारण वजा २७ च्या खाली तो डबा आंधळा होतो. मग तो गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीचं काम करणाऱ्यांनी लोखंडी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या कडेखाली फायबर काटकोनात मुडपली होती. एवढी मुडपली की प्रकाश आत परावर्तित होत न राहता बाहेर सांडतो. पत्रा बाजूला केला, तार मोकळी केली.

खाली येऊन त्याने पुन्हा मीटर लावला. वजा २१.

काकूंनी चष्मा वर करून आकडा वाचला आणि वहीत त्या दिवसाची तारीख घालून लिहून ठेवला.